कॉफीवरचा खटला

आज कुणी कॉफीचा पेला पुढे केला तर हलाल-हरामचा विचार आपल्या मनाला शिवतही नाही. पण याच कॉफीवर एकेकाळी खुद्द मक्केत खटला भरला होता.

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. पेय म्हणून ती रूढ केली पंधराव्या शतकातील येमेनच्या सूफींनी. रात्रीच्या जिक्रमध्ये डोळा लागू नये म्हणून ते ती पीत. नाव मात्र नडले. अरबीत ‘कहवा’ हा शब्द पूर्वी मद्यालाही वापरत.

१५११ साली मक्केतील ममलूक अधिकारी खैर बेग याने मशिदीच्या परिसरात रात्री कॉफी पिणारा घोळका पाहिला आणि उलेमांची सभा बोलावली. कॉफी अपायकारक आहे, अशी साक्ष हकिमांनी दिली. एकजण म्हणाला, ती दारूसारखी चढते. ‘म्हणजे तू दारू प्यायला आहेस?’ तो हो म्हणाला आणि शिक्षा त्यालाच झाली! सोळाव्या शतकात अब्दुल कादिर अल-जझीरी याने कॉफीच्या बाजूने लिहिलेल्या ग्रंथातून हा सारा वृत्तांत कळतो. कॉफी हराम ठरली, साठे जाळले गेले. पण कैरोहून सुलतानाचे फर्मान आले, त्यात मेळाव्यांना मनाई होती, पेयाला नव्हती.

खरी भीती पेयाची नव्हतीच. लोक एकत्र बसतात आणि बोलतात, याची होती. म्हणूनच १६३३ साली चौथ्या मुरादने इस्तंबूलचे कॉफीखाने बंद पाडले. तरी कॉफी उरलीच. कुरआन-हदीसमध्ये मनाई नसलेली वस्तू केवळ संशयावरून हराम ठरत नाही, असे सांगणारे उलेमाही तेव्हा होते, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

हिंदुस्थानात कॉफी आणली ती बाबा बुडन या सूफीने. हजहून परतताना त्यांनी सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. डोंगराला त्यांचेच नाव आहे. तिथल्या दर्ग्याला हिंदू भाविक दत्तपीठ मानतात. दोन्ही समाज पिढ्यान्‌पिढ्या तिथे माथा टेकत आले. अलीकडच्या दशकांत मात्र त्या जागेवरून वाद पेटले, कोर्टकचेऱ्या झाल्या.

कॉफी खटल्यातून सुटली. तिला इथे आणणाऱ्या फकिराची जागा कधी सुटणार, एवढेच आम्ही विचारतो.