सायकलीची फ्रेम आणि स्वाराचा पाय

सायकल घेताना आपण रंग पाहतो, घंटी वाजवतो, चाक फिरवून बघतो; पण फ्रेम आपल्या मापाची आहे का, हे क्वचितच पाहतो. या मापालाही इतिहास आहे, बरं का!

पूर्वीच्या उंच सायकलीत पायडल थेट पुढच्या मोठ्या चाकाला असे. ज्याचा पाय लांब, त्याचं चाक मोठं. 1885 साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल काढली. साखळीनं मागचं चाक फिरू लागलं आणि चाकाचं पायाशी असलेलं नातं सुटलं. माप उरलं ते फ्रेमचं. पुढे 1888 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचं दुकान थाटलं आणि हे वाहन मराठी मुलखात रुळू लागलं.

आपल्या नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दुधाच्या किटल्या अडकवून चाललेली काळी सायकल कोणी पाहिली नाही? तिची घडण मूळची विलायती. सीटखालची नळी सुमारे 68 अंशांत मागे कललेली. शर्यतीच्या सायकलीत हाच कोन 73 च्या आसपास असतो. नळी कलल्यामुळे स्वार पायडलच्या बराच मागे, ताठ बसतो. भार हातांवर न येता बैठकीवर येतो, म्हणून सीट रुंद आणि स्प्रिंगची. दोन चाकांतलं अंतरही लांब. मुरमाच्या रस्त्याला आणि कॅरिअरवरच्या ओझ्याला हे मानवतं.

मात्र 24 इंची फ्रेमची दांडी जमिनीपासून सुमारे 34 इंचांवर येते. ज्याचा पाय आतून 30 इंच, त्यानं उतरताना काय करावं? सीट खाली घेता येते, दांडी नाही! म्हणूनच ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून आणलेल्या मोठ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून पोरं शिकली. बायकांसाठी दांडी खाली वाकवली गेली आणि लुगड्याची अडचण टळली.

सीट फार खाली असली तर गुडघे कुरकुरतात. फार वर असली तर कंबर डावी-उजवी हलते. सोपा ताळा असा: सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवा, पाय जेमतेम सरळ व्हावा. चवडा ठेवताच गुडघ्याला हवा तेवढा बाक येतो. आणखी एक गोष्ट. नळी तिरकी असल्यानं सीट 4 इंच वर काढली की ती दीड इंच मागेही जाते, हँडल दूर पडतं. तेव्हा सीट थोडी पुढे सरकवून घ्या.

दुकानात आधी दांडीवर पाय टाकून उभे राहा. दोन्ही पावलं जमिनीला टेकली, तरच पुढची घासाघीस करा.