चंद्राच्या दोन वह्या

पौर्णिमेच्या चंद्राला आपण चांदीची उपमा देतो. डोळ्यांपुरती ती खरीच आहे. तेथे पांढऱ्या-करड्यावाचून दुसरा रंग दिसत नाही. पण मंडळी, एकसारखे दिसते ते सारे एकसारखेच असते असे नाही, हे कामगार चळवळीत वावरलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

रॉबर्ट वुड हा अमेरिकेतील पदार्थवैज्ञानिक मोठा खटपट्या. ईस्ट हॅम्पटन येथील उन्हाळी घराच्या कोठारात त्याने प्रयोगशाळा मांडली होती. रंगारी वापरतात तो जस्ताचा सफेदा डोळ्यांना शुभ्र दिसतो, पण अतिनील किरणांनी छायाचित्र घेतल्यास काळा येतो, हे त्याने दाखवले. मग चंद्रच तसा पाहिला तर? चांदीचा लेप दिलेल्या स्फटिकाच्या भिंगातून फक्त अतिनील किरण आत सोडून १९१० साली त्याने चंद्राचे छायाचित्र घेतले, आणि अॅरिस्टार्कस विवराजवळ एक काळा डाग उमटला. तेथे गंधक असावे, असा त्याचा तर्क. तो पुढे टिकला नाही. ज्वालामुखीने उधळलेल्या काचकणांचा तो थर असल्याचे आज मानतात. पण फिल्टर लावून दगडांची जात ओळखण्याची वाट मात्र पडली.

त्याच वाटेने ईवन व्हिटेकर हा इंग्रज गेला. महायुद्धात समुद्रतळातून पेट्रोल नेणाऱ्या नळांचे शिशाचे आवरण तपासण्याचे काम त्याने केले. पुढे ग्रिनिच वेधशाळेत नोकरी ताऱ्यांची, आणि फावल्या वेळचा छंद चंद्राचा! अमेरिकेत गेल्यावर, १९६० नंतरच्या दशकात, त्याने अतिनील किरणांतील चित्राची उलटी प्रत अवरक्त किरणांतील सुलट प्रतीवर ठेवली. उजेड-अंधार एकमेकांना खाऊन टाकतात, उरतो तो रंगांतला फरक. आम्ही मालकाचा ताळेबंद आणि कामगाराची वही शेजारी ठेवतो, ती याचसाठी. पर्जन्यसागर म्हणतात त्या काळ्या मैदानातील लाव्ह्याच्या निरनिराळ्या थरांच्या सीमा अशा उघड झाल्या.

दगड हाती आले ते १९६९ साली. जुलैत अपोलो-११ ने निळसर शांतिसागरातून आणलेल्या दगडांत टायटॅनियम विपुल निघाले, तेही मुख्यतः इल्मेनाइट या खनिजात. आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूत सापडते तेच हे खनिज. नोव्हेंबरात अपोलो-१२ ने वादळसागरातून आणलेल्या दगडांत ते पुष्कळ कमी भरले.

आज लहान दुर्बीण, चार फिल्टर आणि कॅमेरा एवढ्यावर हौशी माणूस गच्चीवरून हा निळा-तांबूस भेद टिपू शकतो. त्याने वुडचे गंधक तेवढे विसरू नये. रंगाने खूण पटते. खात्री दगड तपासल्यावरच होते.