आसन एक, उतारू दोन

सातपुड्याच्या पायथ्याशीं, शहादे तालुक्यांतील म्हसावदच्या थांब्यावर एस्. टी. भरून आली, तरी कंडक्टर चार उतारूंना दाटीवाटीनें उभें राहूं देतो. विमानांत ती सोय नाहीं. तरीही विमान कंपन्या आसनांहून अधिक तिकिटें विकीत आल्या आहेत. कारण सरळ आहे: तिकीट काढलेले कांहीं उतारू येतच नाहींत, आणि विमान उडाल्यावर रिकामी खुर्ची विकतां येत नाहीं. अंदाज चुकला म्हणजे मात्र कोणाला तरी दारांतून परत फिरावें लागतें.

तें कोणीं, हें पुष्कळ वर्षें कंपनीच ठरवी. 1972 च्या एप्रिलमध्यें वॉशिंग्टनहून निघालेल्या ॲलेगेनी कंपनीच्या विमानांत आसनें होतीं 100 आणि नोंदलेले उतारू 107. परत फिरविलेल्यांत नेमके राल्फ नेडर, ग्राहकांचे प्रसिद्ध कैवारी, निघाले! देऊं केलेली भरपाई नाकारून त्यांनीं फिर्याद लावली. जादा नोंदणी दडवून ठेवल्याबद्दल उतारूला थेट न्यायालयांत दाद मागतां येते, असें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें 1976 सालीं ठरविलें.

मोबदला घेऊन मागें राहण्यास कोण राजी आहे तें आधीं विचारावें, ही तोड ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञानें 1968 सालींच सुचविली होती. कंपन्यांनीं ती हंसण्यावारी नेली. 1978 मध्यें तेथील सरकारी मंडळानें तोच नियम केला.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम 2010 सालीं आला. 2016 च्या दुरुस्तीप्रमाणें, पर्यायी विमान तासाभरांत सुटणारें असेल तर भरपाई नाहीं. 24 तासांच्या आंत असेल तर एकेरी मूळ भाडें व इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये. त्याहून उशीर झाल्यास चौपट, कमाल 20,000. नियम पाळला नाहीं म्हणून जून 2022 मध्यें एअर इंडियास 10 लाख रुपये दंड झाला.

माझ्या मतें येथें एक उणीव आहे. म्हसावदचा मनुष्य रात्रभर प्रवास करून मुंबईचा विमानतळ गांठतो. त्याचें मूळ भाडें इंधनासह 2,000 असेल, तर दुप्पट म्हणजे 4,000 च. वाटखर्च आणि हुकलेली मुलाखत यांचा त्यांत हिशेब नाहीं. शिवाय खुषीनें मागें राहणाऱ्यास हे आंकडे लागूच नाहींत. कंपनी देऊं करील तें त्याचें. खिडकीवरील कारकुनानें "आपली हरकत नाहीं ना?" असें गोड शब्दांत विचारलें, तर मान डोलविण्यापूर्वी ती रक्कम किती, हें विचारून घ्यावें.