भामचंद्रावरून उतरल्यावर

मायबाप हो, देहू तुम्हा सगळ्यांची झालेली आहे. भंडाऱ्यावरही पुष्कळ जण चढला असाल. माघ शुद्ध दशमीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. पण भामचंद्रावर किती जण गेलात? चाकणच्या पश्चिमेला, शिंदे-वासुलीजवळ तो डोंगर आहे. वर कोरीव गुहा, आणि पायथ्याशी आता कारखानेच कारखाने. तुकोबारायांनी ध्यानाला निवडलेल्या डोंगराखालून आज तीन पाळ्यांच्या बसगाड्या धावतात.

त्या भागात एका सप्ताहाला माझी सेवा होती. आरती झाली, बुक्का लावून माणसं पांगली, तरी एक गृहस्थ थांबले. कंपन्यांना कंत्राटी माणसं पुरवण्याचा त्यांचा व्यवसाय. म्हणाले, "महाराज, तीन वर्षं झाली, पहाटे साडेचारला उठतो. प्राणायाम करतो, अर्धा तास ध्यानाला बसतो. श्वास आवरतो हो, मन आवरत नाही. डोळे मिटले की वही दिसते."

"कसली वही?"

"पोरांना अडीनडीला उचल देतो, त्याची. महिन्याला शेकडा पाच. पगारातून वळती करून घेतो."

त्या रात्री मी त्यांना काही सांगितलं नाही. काही बोलायचं तर आधी आपल्याला ते नीट माहीत असावं लागतं. घरी येऊन पतंजली महामुनींचं योगसूत्र काढलं. आपल्यातले काही म्हणतील, आम्हा वारकऱ्यांना नाम असताना योग कशाला? अहो, माऊलींची परंपरा नाथांची. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना, निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांना. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली, तिच्या सहाव्या अध्यायात योगमार्ग किती बारकाईनं उलगडलाय ते पाहा. तो आपल्या घरचाच विषय आहे.

पतंजलींनी योगाची आठ अंगं सांगितली. आपण सुरुवात कुठून करतो? आसनापासून. ते तर तिसरं अंग, आणि त्याच्यावर मुनींनी अवघी तीन सूत्रं खर्च केलीत. प्राणायाम चौथा. त्यांच्या आधी यम आणि नियम. यमात पाच गोष्टी: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि शेवटी अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे गोळा न करणं. हे काय भाष्यकार व्यासांनी फोड करून सांगितलंय: वस्तू मिळवण्यात कष्ट, मिळाली की राखण्याची काळजी, ती सरते त्याचं दुःख, तिच्यात जीव अडकतो, आणि तिच्यापायी कुणाला तरी इजा होतेच. हे पाच दोष पाहून जो गोळा करणं सोडतो, तो अपरिग्रही.

आणखी एक गोष्ट, ती वाचताना मीच चपापलो. यमाला जातीची, जागेची, वेळेची, प्रसंगाची अट लावायची नाही, तरच ते महाव्रत, असं मुनी म्हणतात. व्यास दाखला देतात कोळ्याचा: मी मारीन ते फक्त मासे, बाकी कुणाला नाही. दुसरा म्हणतो, तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही. तिसरा म्हणतो, चतुर्दशीला मारणार नाही. आता आपलं बघा. आळंदीत खोटं बोलायचं नाही, मोशी ओलांडली की मोकळे. एकादशीला कुणाचं मन दुखवायचं नाही, द्वादशीला तगादा सुरू. माझ्या गळ्यात माळ आहे, पण हे दुखणं मलाही चुकलेलं नाही.

आता तुकोबारायांकडे या. जन्म १६०८ चा धरतात. घरात महाजनकी, दुकान, शेती, सावकारी. आपण चित्रात वीणा आणि चिपळ्या पाहतो म्हणून विसरतो, पण तरुण तुकोबांच्या घरात वह्या होत्या, खतं होती. वडील गेले, आई गेली. मग १६३० चा दुष्काळ. तो एका वर्षात सरला नाही. गुरं मेली, माणसं गाव सोडून गेली. धाकटी का थोरली, पत्नी ती पत्नीच; थोरल्या रखुमाबाई अन्नावाचून गेल्या, पोटचा संतूही गेला. धंद्याचं दिवाळं निघालं. अशा वेळी तो विशीतला माणूस भामचंद्रावर जाऊन बसला. परंपरा सांगते, पंधरा दिवस. साप, विंचू, वाघ अंगावर आले तरी चित्त हललं नाही, आणि तिथं साक्षात्कार झाला.

इथपर्यंतची कथा आपण सगळे सांगतो. पुढची घाईनं उरकतो, कारण तिच्यात चमत्कार नाही. धाकटे बंधू कान्होबा शोधत शोधत आले. दोघं इंद्रायणीच्या काठी आले. महिपतीबुवांनी भक्तलीलामृतात ही कथा लिहून ठेवलीय. तुकोबांनी घरातली कर्जाची खतं मागवली. साक्षात्कार झालेल्या माणसानं आधी हिशेबाचे कागद मागवले! कर्ज बुडवणारे ऋणको गावोगाव असतात, मायबाप; इथं सावकारानं कर्ज बुडवलं, तेही नदीत. दुष्काळानं आधीच मोडलेल्या किती घरांच्या दारातला तगादा त्या क्षणी थांबला असेल, विचार करा. डोंगरावर चित्त स्थिर झालं होतं, याचा पुरावा मला वाघाच्या गोष्टीपेक्षा या कागदांत जास्त दिसतो.

पुढच्या वर्षी त्याच सप्ताहाला गेलो. ते गृहस्थ पहिल्या ओळीत. कीर्तनात मी हीच कथा लावली. त्यांच्याकडे न बघता, पण त्यांना कळलं. आरतीनंतर आले, थोडे रागातच.

"महाराज, सगळी वही नदीत टाकू? माझ्या पाठीमागं भागीदार आहे, बायकापोरं आहेत. तुम्हाला बोलायला काय जातं?"

राग खराच होता, आणि प्रश्नही. मी म्हटलं, "कथा अर्धीच ऐकलीत. तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. एक वाटा कान्होबांच्या हातात दिला. तुझा संसार आहे, तू तुझं बघ. बुडवला तो फक्त स्वतःचा वाटा. दुसऱ्याच्या ताटातलं काढून त्यांनी वैराग्य केलं नाही."

ते गप्प बसले. मंडपातले दिवे काढायला पोरं आली होती, सतरंज्या गुंडाळत होती. बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हणजे आधी वाटे करावे लागतील."

"हो."

"वहीत तसं लिहिलेलंच नाही, महाराज. माझं कुठलं आणि पोरांच्या पगारातलं कुठलं, सगळं एकाच रकान्यात आहे."

मग चपला घालून निघाले. पाळी सुटायची वेळ झाली होती, त्यांना फाटकावर जायचं होतं.