हिमोफिलिया : हाडांचीही काळजी हवी

हिमोफिलिया म्हटले की न थांबणारा रक्तस्रावच डोळ्यांपुढे येतो. मात्र, या रुग्णांची हाडे समवयस्कांच्या तुलनेत ठिसूळ असू शकतात आणि त्यामुळे अस्थिभंगाचा धोका वाढतो, याकडे अनेकदा दुर्लक्ष होते.

हिमोफिलिया हा आनुवंशिक विकार असून, तो प्रामुख्याने पुरुषांमध्ये आढळतो. रक्त गोठविणारा 'फॅक्टर ८' कमी असल्यास 'ए', तर 'फॅक्टर ९' कमी असल्यास 'बी' प्रकार होतो. साधारण ५ हजार नवजात मुलग्यांमागे एकाला 'ए' प्रकार असतो.

हाडे ठिसूळ का होतात?

विकार तीव्र असल्यास गुडघा, घोटा व कोपर या सांध्यांत वारंवार रक्तस्राव होतो. सांधे सुजतात, आखडतात आणि हालचाल मंदावते. हाडे बळकट राहण्यासाठी त्यांच्यावर शरीराचा भार पडणे आवश्यक असते. मार लागेल या भीतीने मुलाला खेळापासून दूर ठेवले, तर ऐन वाढीच्या वयात हाडांत खनिजांचा पुरेसा साठा होत नाही. सांध्यांतील दीर्घकालीन दाह व 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही त्यात वाटा असतो. पुढे कृश स्नायू आणि आखडलेले सांधे यांमुळे तोल जाऊन पडण्याचा धोकाही वाढतो.

हाडांची घनता 'डेक्सा' या वेदनारहित तपासणीतून कळते. तरुण रुग्णांच्या अहवालाची तुलना समवयस्कांशी केली जाते.

हाड मोडल्यास

अस्थिभंगाची शंका येताच, एक्स-रेची वाट न पाहता फॅक्टर देणे महत्त्वाचे असते. सुरुवातीला पूर्ण प्लॅस्टरऐवजी आधारपट्टी बांधणे श्रेयस्कर. कारण आत रक्तस्राव होऊन सूज वाढल्यास घट्ट प्लॅस्टरमुळे नसा व रक्तवाहिन्या दबू शकतात. ॲस्पिरिन घेऊ नये, तसेच दुखरा भाग चोळून घेऊ नये. हाड स्थिर झाल्यावर फिजिओथेरपी लवकर सुरू करावी.

प्रतिबंध

नियमित प्रतिबंधक उपचारांनी सांध्यांतील रक्तस्राव टळतो व मुलाला मोकळेपणाने हालचाल करता येते. पोहण्याने स्नायू बळकट होतात. परंतु पाण्यात हाडांवर भार पडत नाही, म्हणून चालण्याची जोड आवश्यक ठरते. दूध, नाचणी, तीळ यांतून कॅल्शियम मिळते. तंबाखू व मद्य वर्ज्य करावे. कोणताही व्यायाम मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच निवडावा.