तळटीप : नॉर्थ प्लॅट, नेब्रास्का

*नॉर्थ प्लॅट : अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातले हे गाव १८६६ साली युनियन पॅसिफिक रेल्वेबरोबरच वसले. येथील बेली यार्ड हे मालगाड्यांच्या जुळणीचे जगातले सर्वांत मोठे आवार मानले जाते. आठ मजली गोल्डन स्पाइक टॉवरवरून प्रवाशांना त्याचे सारे काम पाहता येते : इंजिन वाघिणींना मातीच्या उंचवट्यावर ढकलते, तिथे त्या एकेक करून सुटतात आणि उतारावरून आपापल्या रुळावर घरंगळत नव्या गाडीला जोडल्या जातात.

लेखक ज्या ‘कँटीन’चा उल्लेख करतात, ते येथील स्थानकात २५ डिसेंबर १९४१ रोजी सुरू झाले. वाफेच्या इंजिनात पाणी भरेपर्यंत गाडी जेमतेम दहा मिनिटे थांबे. तेवढ्यात गावोगावच्या स्त्रिया युद्धावर निघालेल्या सैनिकांना सँडविच, कॉफी आणि वाढदिवस असलेल्यांना केकही देत, तोही विनामूल्य. युद्धकाळातल्या रेशनिंगमध्ये साखर-लोणी घराघरांतून वाचवून आणलेले असे. १ एप्रिल १९४६पर्यंत साठ लाखांहून अधिक सैनिकांचे असे आतिथ्य झाले.

स्थानकाची ती इमारत १९७३ मध्ये पाडण्यात आली. कँटीनच्या वस्तू आता लिंकन काउंटीच्या ऐतिहासिक संग्रहालयात पाहायला मिळतात. — संपा.