जागं राहावं की झोपावं? पुरुषाच्या छातीची शस्त्रक्रिया आणि भुलीचा इतिहास



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस भुलीवर काय बोलणार? त्याचं कारण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. तिशीतला, नोकरीत स्थिरावलेला. भर उन्हाळ्यात शर्टाच्या आत जाड बनियन, आणि खांदे पुढे पाडून बसणं. वर्गातही तो असाच बसे. आम्हाला तो आळस वाटायचा, आणि ‘ताठ बस’ असं आम्ही त्याला एक-दोनदा सगळ्यांसमोर सुनावलंही होतं. त्या दिवशी त्यानं खरं काय ते सांगितलं. त्याची छाती बायकांसारखी वाढली होती. वैद्यकात याला गायनेकोमास्टिया म्हणतात. शस्त्रक्रिया करायची हे ठरलं होतं. पण एक डॉक्टर म्हणाले, तेवढी जागा बधिर करून काम होईल. दुसरे म्हणाले, संपूर्ण भूलच बरी. ‘सर, तुम्ही आम्हाला तर्कशास्त्र शिकवलंत. आता सांगा, कुठलं निवडू?’

आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही जे आयुष्यभर केलं तेच केलं: प्रश्न आला कुठून, ते शोधायला बसलो.

या विकाराचं नाव ग्रीक आहे आणि ते गॅलनपर्यंत, म्हणजे दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेलं जातं. शस्त्रक्रियेचं सविस्तर वर्णन सातव्या शतकातल्या पॉल ऑफ इजिना या वैद्यानं केलं. स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यायचा, आतली चरबी सोलून काढायची आणि टाके घालायचे. स्तन फार मोठा असेल तर टोकाला मिळणाऱ्या दोन चंद्रकोरी काढायच्या आणि मधली कातडीही काढून टाकायची. आजच्या शल्यविशारदाला यातलं तत्त्व ओळखीचं वाटेल. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते पॉलनं दिलेलं कारण. या व्यंगामुळे पुरुषाला बायकीपणाचा बट्टा लागतो, म्हणून शस्त्रक्रिया करावी, असं तो म्हणतो. म्हणजे बघा, जीव वाचवायला नव्हे, लाज वाचवायला. आणि हे सगळं भुलीशिवाय! फार तर दारू किंवा अफू. आपल्याकडे सुश्रुतानंही शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला खायला द्यावं, पिणाऱ्याला तीक्ष्ण मद्य पाजावं, असं सांगितलं आहे. त्या काळात निवड एकच होती: सोसायचं, की झाकून ठेवायचं.

हे बदललं 16 ऑक्टोबर 1846 रोजी. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्यानं रोग्याला ईथर हुंगवलं आणि जॉन कॉलिन्स वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. रोगी ओरडला नाही. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म आणलं. जगाला वाटलं, वेदना संपली.

आणि मग 28 जानेवारी 1848. इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढून घ्यायला बसली. रुमालावर थोडं क्लोरोफॉर्म दिलं गेलं, आणि काही मिनिटांतच ती दगावली. नखासाठी! आमच्या मते आजचा सगळा प्रश्न त्या खोलीत जन्माला आला. शस्त्रक्रिया लहान आणि भूल मोठी, असं झालं तर चालेल का? जी गोष्ट जिवावरची नाही, तिच्यासाठी जीव किती पणाला लावावा?

या प्रश्नाचा एक धागा आपल्या जवळून जातो. हैदराबाद संस्थानात, म्हणजे आपला मराठवाडा ज्या राज्यात होता तिथे, 1888 आणि 1889 मध्ये क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. एडवर्ड लॉरी हे डॉक्टर त्यांचे सूत्रधार, आणि पैसा निजामाचा. रूपाबाई फर्दुनजी या पारशी डॉक्टरीणबाई या कामात होत्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला, की क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो, हृदय नाही. तेव्हा श्वासावर लक्ष ठेवा. निष्कर्ष अर्धाच खरा ठरला. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं, की हलक्या क्लोरोफॉर्ममध्येही हृदय एकाएकी थरथरून बंद पडू शकतं. पण श्वासावर लक्ष ठेवा, हा धडा मात्र टिकला.

दुसरा रस्ता निघाला 1884 मध्ये. व्हिएन्नाचा तरुण डॉक्टर कार्ल कोलर यानं कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर केला. माणूस जागा, आणि शस्त्र चालू आहे! अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी कोकेन टोचून मज्जातंतू बधिर करण्याचे प्रयोग स्वतःवर केले आणि त्यात त्यांना कोकेनचं व्यसन जडलं. म्हणजे हा रस्ताही फुकटचा नव्हता.

आता एक प्रसंग सांगतो, तो आमच्या विषयाच्या फार जवळचा आहे. 1892 साली बर्लिनला जर्मन शल्यविशारदांची परिषद भरली होती. कार्ल लुडविग श्लाइख यांनी तिथे सांगितलं, की अगदी पातळ द्रावण भरपूर प्रमाणात त्वचेखाली भरलं तर शस्त्रक्रियेपुरती जागा बधिर होते. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे ते म्हणाले, की हे साधन हाताशी असताना, जिथे याने काम भागेल तिथे रोग्याला क्लोरोफॉर्म देणं नैतिकदृष्ट्या आणि कायद्यानंही समर्थनीय नाही. सभा खवळली. त्यांचं म्हणणं तिथेच झिडकारलं गेलं. बाकी तपशील सोडा, पण एका वैद्यानं भुलीची निवड हा नीतीचा प्रश्न केला, हे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना विसरता येत नाही.

काळानं श्लाइख यांना बरंच खरं ठरवलं. 1905 च्या सुमारास कोकेनच्या जागी नोव्होकेन आलं. हाइनरिख ब्राउन यांनी द्रावणात अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलं. त्यामुळे रक्तवाहिन्या आक्रसतात आणि औषध जागेवर टिकतं. 1943 मध्ये स्वीडनच्या लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन बनवलं. इकडे शस्त्रही बदललं. 1946 मध्ये जेरोम वेब्स्टर यांनी स्तनाग्राभोवतालच्या काळसर वर्तुळातच अर्धगोल छेद घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. व्रण त्या रंगात लपतो. पॉलची चंद्रकोर लहान होऊन वर सरकली म्हणा ना!

पण मर्यादा होती मात्रेची. अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलेलं लिग्नोकेन वजनाच्या दर किलोला सुमारे 7 मिलिग्रॅम, ही नेहमीची सीमा. 70 किलोच्या माणसाला 490 मिलिग्रॅम, म्हणजे 2 टक्क्यांचं औषध जेमतेम 24 मिलिलिटर. दोन्ही बाजूंच्या छातीला ते कसं पुरणार? इथे कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी जणू श्लाइखचीच कल्पना पुन्हा हाती घेतली. लिटरभर सलाइनमध्ये 500 ते 1000 मिलिग्रॅम लिग्नोकेन, थोडं अ‍ॅड्रिनॅलिन, आणि हे पाणी चरबीत हळूहळू भरायचं. औषध रक्तात सावकाश जातं. 1990 मध्ये त्यांनी दर किलोला 35 मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सुरक्षित असल्याचं मांडलं. लायपोसक्शन, म्हणजे नळीनं चरबी ओढणं, जाग्या माणसावर शक्य झालं.

तेव्हा स्थानिक भूल म्हणजे निर्धोक, असं समजायचं का? नाही. 1999 मध्ये न्यूयॉर्कहून एक शोधनिबंध आला. त्यात लायपोसक्शननंतरच्या पाच मृत्यूंची नोंद होती, आणि काहींमागे लिग्नोकेनचा हात असल्याची शंका होती. उलट संपूर्ण भूल आता हॅना ग्रीनरच्या रुमालावरची राहिलेली नाही. 1970 च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या ठोक्यावरून रक्तातला प्राणवायू मोजण्याची युक्ती शोधली. पुढे प्रोपोफॉल आलं, घशात बसणारा मास्क आला, आणि शेजारी सतत बसलेला भूलतज्ज्ञ आहेच. एकीकडे धोका वाढला, दुसरीकडे घटला, आणि दोन्ही पारडी जवळ आली. म्हणून तर दोन चांगले डॉक्टर दोन उत्तरं देऊ शकतात.

मग आज ठरवतात कसं? वाढ थोडी आणि मुख्यतः चरबीची असेल, कातडी लोंबत नसेल, रोगी शांत स्वभावाचा असेल, तर स्थानिक भूल आणि जोडीला हलकी गुंगी पुरते. मळमळ कमी होते, माणूस लवकर घरी जातो. ग्रंथी घट्ट आणि मोठी असेल, दोन्ही बाजूंना खोल काम असेल, कातडीही काढायची असेल, तर संपूर्ण भूल. वजन जास्त आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल, तर ते भूलतज्ज्ञाला आधी सांगायलाच हवं. आणि भूल कुठलीही असो, ती देणारा प्रशिक्षित आहे का, यंत्रं आणि तातडीची औषधं खोलीत आहेत का, हे विचारायला लाजू नये. वयात येणाऱ्या मुलांची अशी वाढ बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरते, हेही पालकांनी ध्यानात ठेवावं.

हा सगळा इतिहास आम्ही त्या विद्यार्थ्याला ऐकवला. तो हसून म्हणाला, ‘सर, लेक्चर झालं, उत्तर राहिलं.’ शेवटी तो भूलतज्ज्ञांना भेटला. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, दोन्ही चालेल. मग विचारलं: दीड-दोन तास, चार माणसांसमोर, छाती उघडी टाकून जागं राहणं जमेल का? तो गप्प राहिला. त्यांनी कागदावर संपूर्ण भूल असं लिहिलं.

आम्हाला हे नंतर कळलं, आणि श्लाइख यांचं वाक्य पुन्हा तपासून पाहावं लागलं. ‘जिथे याने काम भागेल तिथे’ म्हणजे कुठे? आम्ही धरून चाललो होतो, की ते मांस आणि मज्जातंतू सांगतील. पण ज्या लाजेपायी माणूस त्या टेबलापर्यंत आला, ती लाज इंजेक्शननं बधिर होत नाही. तिचाही हिशेब धरायला हवा. आणि तो रोग्यावाचून कुणाला मांडता येणार?

शस्त्रक्रिया नीट झाली. दोन-तीन महिन्यांनी तो पेढे घेऊन आला आणि त्याच जुन्या खुर्चीत बसला. ताठ बसला आहे का, ते आम्ही मुद्दामच पाहिलं नाही. आधी त्याची माफी मागितली.

इथे थांबतो.